सरकारी रानाचं धोरण कुठं ठरतं?

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी जंगलाचं धोरण राजधानीत शिजतं आणि तिथून खाली येतं, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतली राष्ट्रीय वनं आणि राष्ट्रीय गवताळ प्रदेश यांची हकिगत वेगळं सांगते. १५४ वनं, २० गवताळ प्रदेश, मिळून १९ कोटी एकरांच्या आसपास जमीन. ती सांभाळते कृषी खात्याखालची वनसेवा.

१९६०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाहेला वनात डोंगराचे उतारच्या उतार सफाचट करणारी तोड सुरू झाली. आधी ओरड केली ती रानटर्कीच्या शिकाऱ्यांनी. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. १८९७च्या कायद्याप्रमाणे वाळलेली, पूर्ण वाढलेली किंवा थोराड झाडंच विकता येत होती, तीही खुणा करून. त्याच कलमावर बोट ठेवून १९७५ साली अपील कोर्टानं ही तोड बेकायदा ठरवली. मग काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नवा कायदा करणं भाग पडलं. १९७६च्या त्या कायद्यानं प्रत्येक वनाचा आराखडा, त्यात लोकांचा सहभाग आणि जास्तीत जास्त दर १५ वर्षांनी फेरआखणी बंधनकारक केली.

गवताळ प्रदेशांमागे तर मोठी आपत्ती आहे. १९३०च्या दशकात नांगरून उघडी पडलेली माती दुष्काळात वाऱ्यावर उडून गेली, शेतकरी देशोधडीला लागले. सरकारनं त्या जमिनी विकत घेतल्या, तिथं पुन्हा गवत धरवलं. १९६०पासून त्यांतल्या काही राष्ट्रीय गवताळ प्रदेश झाल्या.

आता आराखड्यातलं एकच वाक्य बघू. ‘चराई संपल्यावर ओढ्याकाठचं गवत अमुक उंचीचं उरलं पाहिजे.’ हे वाक्य सक्तीचं मानक म्हणून लिहिलं, तर पळवाट नाही. मार्गदर्शक सूचना म्हणून लिहिलं, तर हेतू साधत असेल तिथं वेगळी वाट चालते. गुरंवाल्याला या फरकापायी कळप काही आठवडे आधी हलवावा लागू शकतो. ओढ्यातल्या माशांसाठी काठ ढासळतो की टिकतो, हे त्यावर ठरतं. माझ्या मते खरं धोरण इथं जन्मतं, मंत्र्यांच्या भाषणात नाही.

हे वाक्य लिहितात त्या वनाचे अधिकारी आणि त्यांचे तज्ज्ञ: माती, पाणी, वन्यजीव, चराई जाणणारे. वनसेवेच्या २०१२च्या नियोजन नियमानुसार आधी वनाच्या स्थितीचा आढावा, मग मसुदा, आणि आराखडा नव्यानं करायचा असेल तर लोकांना मत मांडायला किमान ९० दिवस. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातींशी, म्हणजे आदिवासी राष्ट्रांशी, सरकारनं स्वतंत्रपणे सल्लामसलत करायची असते. आलेल्या पत्रांची मतमोजणी होत नाही. एकाच मजकुराची हजार पत्रं आली तरी मुद्दा एकच. उलट अमुक ओढ्यावर अमुक महिन्यात काठ तुडवला जातो, असं नेमकं लिहिणाऱ्या एकट्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं. पर्यावरण परिणामांचा अहवाल झालेल्या आराखड्यावर हरकतीसाठी पुढे ६० दिवस मिळतात, पण साधारणपणे आधी मुद्देसूद मत नोंदवलेल्यालाच. ही अट मला रास्त वाटते. वेळेवर बोलणाऱ्याची किंमत तीच राखते. मात्र शेकडो पानांचा अहवाल वाचायला ज्याला वकील परवडतो, त्याचं पारडं जड राहतं. मसुद्याचा गाभा सोप्या भाषेत लोकांसमोर मांडणं हा अधिकाऱ्यांनी उपकार समजू नये, ते त्यांचं कामच आहे.

सगळ्यांत खटकते ती १५ वर्षांची मुदत. ती सर्रास उलटते आणि काँग्रेस खर्चाच्या कायद्यांत तिला सूट देत आली आहे. १९८०च्या दशकातले कितीतरी आराखडे असे दुप्पट वय होईपर्यंत चालले. मधल्या काळात वणव्यांचं स्वरूप बदललं, पाऊसमान बदललं, आणि झाडांची विक्री अन् चराईचे परवाने मात्र त्याच जुन्या कागदांवर होत राहिले.