खिसा असलेला स्कर्ट

नमस्कार. सोलापुरात उभं राहून कापडावर बोलायचं म्हणजे पंढरपुरात अभंग शिकवण्यासारखंच आहे. जुनी मिल 1877 सालची. आपल्या चादरीला, टॉवेलला भौगोलिक मानांकन. परराज्यांतल्या शाळांचे गणवेश इथल्या कारखान्यांतून शिवून जातात. आणि आपल्या नोकरदार बायका? ऑफिसला घालायचा साधा स्कर्ट तयार विकत आणतात! तोही बिनखिशाचा.

खिशाचं आधी सांगते, कारण तेच माझं खरं दुखणं आहे. मी एका दुकानातून छान गडद निळा पायघोळ स्कर्ट घेतला. बाजूला ऐटदार खिसे. ऑफिसात कपाटाच्या किल्ल्या टाकायला गेले, तर बोट आत जाईना. नुसती पट्टी, वरून शिवून बंद! संध्याकाळी दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, खिशानं फिटिंग बिघडतं. लेडीज पर्स घेतातच की." आणि हे सांगणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या एकाच खिशात दोन पेनं, बिलांची घडी, चष्मा आणि मोबाइल! फिटिंगचं काय झालं होतं ते मी बोलले नाही. (मागे काका हसतायत. काका, तुमचा खिसा दाखवा बरं.) बरं, पर्स घेतातच, पण ती टेबलावर असते. साहेबांनी आत बोलावलं की किल्ल्या हातात, मोबाइल हातात, फाइल काखेत. खिशासाठी स्कर्ट शिवायला घेतला म्हणा, तरी चालेल.

आता शिवायची भीती. "मला शिवण येत नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकीच्या घरात साडीखालचा सहा कळ्यांचा परकर आहे. तो उलटा करून बघा. वर अरुंद, खाली रुंद अशा सहा पट्ट्या, सरळ टिपा, वर नाडी ओवायचा नेफा. झालं. ऑफिसचा स्कर्ट याहून अवघड नाही. कळ्यांचं बेतणं आज दाखवणार होते, पण... हो हो, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग दोन पट्ट्यांचा चुण्यांचा स्कर्ट घेऊ, लिहून घ्या.

जाडसर सुती कापड, 44 इंच पन्हा म्हणजे रुंदी, लांबी दोन मीटर. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवून इस्त्री करा. सुती कापड आटतं, ते शिवण्याआधीच आटू दे. घेर नितंबाच्या मापाच्या दीडपट. नितंब 38 असेल तर 57 इंच, म्हणजे एकेक पट्टी माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, धरून साडेएकोणतीस. उंची 30 हवी असेल तर 35 कापा: नेफ्याला दोन, खाली दुमडायला तीन. उरलेल्या कापडात चार खिशांचे तुकडे निघतात.

आता महत्त्वाचं: बाजू जोडायच्या आधी खिसे लावायचे. वरून पाचेक इंच सोडून, चारही कडांना एकेक तुकडा, दोन्हीकडे एकाच उंचीवर. मग बाजूची टीप वरून खाली आणा, खिशाच्या तोंडाशी वळवा, खिशाभोवती फिरवा आणि पुन्हा खाली न्या. तोंड शिवू नका, नाहीतर तुम्हीही दुकानदार व्हाल! नेफ्यात सव्वा इंची इलास्टिक, कमरेपेक्षा दोन इंच कमी. 14 नंबरची सुई पुरते. अस्तर नको, मे महिन्यात सोलापुरात कोण घालणार? पातळ वाटलं तर आत परकर आहेच.

आणि कळ्यांचा शिवणाऱ्यांनो, कळीची तिरकी कड लोंबते. म्हणून नेफा झाला की स्कर्ट रात्रभर टांगून ठेवा, सकाळी खालची कड सारखी करा आणि मगच दुमडा. बाकीचं चहाच्या टेबलापाशी विचारा, कातर आणलीय मी.