केस पेपरवर काय लिहिलंय?

(दृश्य: संध्याकाळ. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडणारी ट्रकची रांग.)

बोगदा संपला की रस्ता पुण्याकडे उतरायला लागतो. दरी पूल, नऱ्हे आणि मग नवले पूल. माल भरलेला ट्रक इथे गिअरमध्ये असेल तर इंजिन त्याला धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकच्या टाकीत हवा भरणंही थांबतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने वीसपेक्षा जास्त गाड्या ठोकरत नेल्या. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा मोठा अपघात झाला. गाड्या पेटल्या, माणसं गेली.

या उतारावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हाला बोलायचंय ते दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाशी. जखमीचा भाऊ असेल, मेहुणा असेल, कधी गल्लीतला मित्र. आत ऑपरेशन चाललंय, खिशातला मोबाइल सारखा वाजतोय आणि पुढे काय करायचं ते सांगायला जवळ कोणी नाही.

(दृश्य: 108 ची रुग्णवाहिका, दिवा फिरतोय.)

आधी रस्त्यावरचं. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका येते, 112 वर पोलीस. जखमीची मान किंवा पाठ दुखावली असेल, तर त्याला उचलून बसवू नका, हातापायाला धरून ओढू नका. गाडी पेटायची भीती असेल तरच हलवा, तेही डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवून. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा आणि सारखी उचलून बघू नका. अंगात पत्रा किंवा सळई घुसली असेल तर ती उपसू नका. पाणी पाजू नका. आपल्याकडे पाणी हा पहिला धर्म, म्हणून हे सांगणं अवघड जातं. पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या श्वासनळीत ते पाणी जाऊ शकतं, आणि लगेच भूल द्यायची झाली तर पोटात पाणी असणं धोक्याचं ठरतं.

मदत करणाऱ्याने पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर खुद्द मोटार वाहन कायद्याने अशा माणसाला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर नाही.

दवाखान्यात पोहोचलात. ‘आधी पैसे भरा’ किंवा ‘आधी पोलीस येऊ देत’ असं कुणी म्हणालं, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे डॉक्टरने कागदपत्रांची वाट न बघता उपचार सुरू करायचे असतात. 2025 च्या मे महिन्यापासून केंद्र सरकारची कॅशलेस योजनाही आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनामूल्य. यासाठी अपघात झाल्याची खात्री पोलिसांनी करून द्यावी लागते, म्हणून पोलिसांना कळवण्यात वेळ घालवू नका. चूक कुणाची, हा प्रश्न या योजनेत येत नाही.

(दृश्य: कॅज्युअल्टीचं टेबल. केस पेपरवर पेन चालतंय.)

आता जरा थांबू. पुढची चार वर्षं ज्या एका ओळीवर टांगलेली असतात, ती इथे लिहिली जाते.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ घाबरलेला सोबती म्हणतो, ‘गाडीवरून पडला.’ डॉक्टर तेच लिहितो: दुचाकीवरून पडून जखमी. ट्रकचा उल्लेख नाही. पुढे दाव्यात विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. ‘हा तर स्वतःच घसरला. ट्रक नंतर आणलाय.’ मग साक्षीदार शोधा, डॉक्टरांना कोर्टात बोलवा, वर्षं घालवा.

म्हणून पूर्ण वाक्य सांगा. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, ट्रकने कुठून धडक दिली. नंबर दिसला असेल तर नंबर. मेडिको-लीगल केस म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायच्या जखमींची दवाखान्यातली नोंद. ती केली का, ते विचारा आणि तिचा क्रमांक उतरवून घ्या. लिहिलेलं वाचायला मागा. त्यात संकोच कसला? तुमच्याच माणसाचा कागद आहे तो.

ट्रकचा नंबर पुढून-मागून फोटोत यायला हवा. चाकांच्या खुणा, काचांचा सडा, ट्रक नेमका कुठे थांबला, तेही. रस्त्यात बंद पडून उभा असलेला ट्रक असेल तर मागचे दिवे, रिफ्लेक्टर, त्रिकोणी पाटी होती की नव्हती, याचा फोटो सर्वांत आधी. अंधारात उभ्या ट्रकवर मागून आदळलेल्या दुचाकीस्वाराला ‘तुझीच चूक’ म्हणणं फार सोपं असतं.

पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. जखमी बोलू शकत नसेल तर नातेवाइकाची किंवा पाहणाऱ्याची चालते. अपघात दुसऱ्या हद्दीत झाला म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो तिकडे वर्ग करायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. जखमीचा जबाब नंतर दवाखान्यात घेतात. तो शुद्धीवर असताना, वाचून दाखवून, मगच सही.

2022 च्या एप्रिलपासूनचे नियम फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहेत. पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काटेकोर पाळा म्हणून बजावलंय. तपास अधिकाऱ्याला शांतपणे विचारा: साहेब, अहवाल गेला का?

(दृश्य: दवाखान्याबाहेरची चहाची टपरी. दोन माणसं, मध्ये एक कागद.)

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक एक माणूस येतो. गाडीमालकाचा. चांगला बोलतो, फळं आणतो. ‘कोर्टकचेरी कशाला, पंचवीस हजार घ्या, मिटवून टाकू.’ घरात पैशांची चणचण असते आणि पंचवीस हजार डोळ्यांपुढे असतात. पण पायात रॉड पडलाय, दुसरं ऑपरेशन लागेल की नाही हे अजून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. हाड जुळायच्या आत हिशेब जुळवू नका. ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या किंवा कोऱ्या कागदावर तर सही नकोच.

भरपाईचा दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात कोल्हापूरजवळ झाला आणि तुम्ही राहता लातूरला, तर लातूरलाही दावा लावता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती धरूनच चाला. चालकाकडे योग्य लायसन्स नव्हतं, तरी जखमीला मोकळ्या हाताने पाठवत नाहीत. न्यायालयं बहुधा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मालकाकडून वसूल करायला सांगतात. ट्रक पळून गेला, सापडलाच नाही, तर गंभीर जखमीला 50 हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख मिळण्याची योजना आहे, तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. रक्कम तोकडी आहे, हे कबूल. तरीही अर्ज करा.

जखमी माणूस ट्रकचाच क्लीनर किंवा ड्रायव्हर असेल तर? त्याला कामगार भरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांतला एकच मार्ग निवडता येतो. निवडीपूर्वी वकिलाशी बोला. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि ‘मिळालेल्या रकमेत इतके टक्के माझे’ असा सौदा वकिलाला करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

(दृश्य: गवंड्याचे हात. थापी, ओळंबा.)

भरपाई ठरते कशी? समजा, 32 वर्षांचा गवंडी. महिना 15 हजार कमाई. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचं काम, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरले: 21 हजार. पाय कायमचा आखडला आणि न्यायाधिकरणाने कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं मानलं. म्हणजे महिन्याला 6,300, वर्षाला 75,600. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, 16. झाले 12 लाख 9 हजार 600. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना, पुढचे उपचार, हे सगळं वेगळं.

यातला कळीचा आकडा 30 टक्के. सरकारी रुग्णालयाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर येतं ते शरीराचं अपंगत्व. कमाईची हानी त्याहून वेगळी मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात समजावून सांगितलं. डावा हात गेलेला सुतार कामातून पूर्ण उठतो, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. गवंडी परांचीवर चढूच शकत नसेल, तर ते कुणीतरी कोर्टात सांगायला हवं: मुकादमाने, ठेकेदाराने, सोबतच्या मजुराने. कमाईचा कागद नसतो म्हणून ही माणसंच पुरावा.

आणखी एक प्रकरण सांगतो. हरियाणात 2007 मध्ये आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून चाललेल्या 12 वर्षांच्या मुलीला ट्रकने उडवलं. मेंदूला इजा झाली, आयुष्यभर दुसऱ्याच्या हातावर राहणं आलं. उच्च न्यायालयाने दिलेली रक्कम पंचवीस लाखांच्या आसपास होती. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 62 लाख 27 हजारांवर नेली. त्यातले 21 लाख 60 हजार फक्त सांभाळणाऱ्यांचे. दोन माणसं, प्रत्येकी महिना 5 हजार, गुणक 18.

आपल्या घरात हे काम आई करते, बायको करते. कूस बदलणं, भांडं देणं, रात्री दोनदा उठणं. त्याचे पैसे मागायचे असतात हे मनातही येत नाही, आणि मागायला गेलं तर तारखा आठवत नाहीत.

(दृश्य: दवाखान्यासमोरचं दुकान. शंभर पानी वहीची किंमत विचारणारा तरुण.)

तेव्हा आजच एक वही घ्या. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं तिच्यासोबत एका पिशवीत. रिक्षाचे पैसे लिहा, मलमपट्टीचा दिवस लिहा, त्या दिवशी कोण कामावर गेलं नाही त्याचं नाव लिहा. पहिल्या पानावर ट्रकचा नंबर, एमएलसीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव.

(दृश्य: वहीचं पहिलं पान. आतून नर्स हाक मारते. तरुण वही काखेत धरून उठतो.)