सकाळी अकराला दार कोण उघडतं?

नमस्कार, श्रोतेहो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकच्या सिडकोतल्या एका रो-हाउसची कडी वाजवली. काखेत पॅड, पॅडला साबणाची प्रश्नावली. दार उघडलेल्या मावशींनी मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काही घ्यायचं नाही." मी म्हटलं, "मावशी, विकायला नाही, विचारायला आलोय." त्या म्हणाल्या, "मग तर मुळीच नको." दार बंद. धंद्यातला तो माझा पहिला नकार.

पुढे हाच धंदा पोटाला लागला. आधी फॉर्ममागे पैसे घेणारा पोरगा, मग सुपरवायझर, मग कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या आणि दारावर स्वतःची पाटी. लोक मला 'निवडणुकीचा अंदाज सांगणारे' म्हणून ओळखतात. पण निवडणूक येते पाच वर्षांनी आणि वीजबिल येतं दर महिन्याला. आमचं घर चाललं ते साबण, चहापत्ती आणि द्राक्षबागेतल्या औषधांच्या सर्व्हेवर.

ज्यांच्या नावानं आमचा धंदा ओळखला जातो, त्या जॉर्ज गॅलप यांचंही असंच होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1901 साली जन्मलेला हा माणूस. शिकत असताना उन्हाळ्यात सेंट लुईसमध्ये घरोघर फिरून एका वर्तमानपत्राच्या वाचकांना प्रश्न विचारायचं काम त्यांनी केलं. लोक सांगायचे, आम्ही अग्रलेख वाचतो. पण अंक समोर ठेवून पान पान दाखवत विचारलं, की कळायचं, डोळे गेले होते चित्रकथांवर. यावरच पुढे त्यांनी डॉक्टरेट केली आणि 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत संशोधनाचं खातं सांभाळायला गेले. त्याच साली त्यांच्या सासूबाई आयोवात निवडणुकीला उभ्या राहिल्या. जावयानं त्यांच्यासाठी मतदारांचा कानोसा घेतला, आणि सासूबाई निवडून आल्या. जावयानं सासूसाठी याहून काय करावं!

1935 मध्ये गॅलपनी स्वतःची संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी डाव मांडला. 'लिटररी डायजेस्ट' नावाचं मोठं साप्ताहिक दर निवडणुकीला लाखो मतपत्रिका पोस्टानं पाठवून अंदाज द्यायचं. 1936 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला डायजेस्टनं सुमारे 1 कोटी मतपत्रिका धाडल्या, 23 लाखांवर परत आल्या. कौल निघाला: लँडन जिंकणार, खुर्चीवर असलेले रूझवेल्ट पडणार. गॅलपकडे माणसं होती जेमतेम 50 हजारांच्या घरात. त्यांनी रूझवेल्ट येणार असं सांगितलंच, शिवाय डायजेस्टच्या मतपत्रिका पोस्टात पडण्याआधीच जाहीर करून टाकलं, की तुमचा आकडा अमुक येईल आणि तो चुकेल. तो आकडा एका टक्क्याच्या फरकानं तस्साच आला. अंदाज चुकला तर पैसे परत, असा वर्तमानपत्रांशी करारही होता. याला धंदेवाईक छाती म्हणतात.

डायजेस्टचं चुकलं कुठं? नावं घेतली होती टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या काळात मोटार आणि टेलिफोन कोणाकडे होते? आणि त्यातूनही पत्र कोणी परत पाठवलं? ज्याला रूझवेल्टचा राग होता त्यानं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पण शीत वरवरचंच उचललं आणि भात तळाला लागलेला असला, तर? डायजेस्टनं 23 लाख शितं दाबून पाहिली, सगळी वरच्या थरातली. भात नीट हलवला असेल तर हजार माणसं पुरतात, तीन टक्के इकडेतिकडे. आणि गंमत म्हणजे नाशिक शहरासाठी हजार लागली म्हणून साऱ्या महाराष्ट्रासाठी लाख लागत नाहीत, तितकीच हजार चालतात. गिऱ्हाइकाला हे कधीच पटत नाही. त्याला वाटतं, पातेलं मोठं तर शितं जास्त.

आता आपल्याकडचा भात हलवून बघा. सकाळी अकराला दार कोण उघडतं? पेन्शनर काका, सून, नाहीतर शाळेला दांडी मारलेला पोरगा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कामगार पहिल्या पाळीला गेलेला, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. निफाडला द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या दिवसांत घरी कुत्रंही नसतं, सगळे बागेत. सुरगाण्या-पेठला अर्धा पाडा मजुरीसाठी द्राक्षपट्ट्यात उतरलेला. बागलाणात मी शुद्ध पुस्तकी मराठीत विचारलं की उत्तर एका शब्दात यायचं. अहिराणी बोलणारा पोरगा पाठवला तेव्हा तेच लोक अर्धा तास बोलले. मालेगावात उर्दू वाचणारी मुलगी नसेल तर बायकांचा रकाना कोराच.

घरात कोणाला विचारायचं, याचाही नियम आहे: ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आला असेल त्याला. पेठ तालुक्यात एका आजोबांना वाढदिवस विचारला. म्हणाले, "भाताची लावणी चालली होती, एवढं आई सांगायची." बायका म्हणतात, "ह्यांना विचारा, मला काय कळतंय." मग आम्ही खोटी मतपत्रिका आणि पत्र्याचा डबा देऊ लागलो. शिक्का मारा, घडी करा, डब्यात टाका. डबा उघडल्यावर पुष्कळदा दिसायचं, की ह्यांचं एक आणि हिचं दुसरंच.

गॅलप यांची फजिती झाली 1948 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला. ड्यूई जिंकणार म्हणून सांगितलं आणि जिंकले ट्रुमन. सर्व्हे मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवला होता. आणि माणसं निवडायचं काम फिरणाऱ्या पोरांवर सोडलं होतं: इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब. पोरगं सोयीचं दार बघतं. मी स्वतः तसंच केलंय, रणरणत्या उन्हात तिसऱ्या मजल्यावर कोण चढतं?

योगायोग बघा, गॅलप जन्मले त्याच 1901 साली आपल्या नाशकात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ जन्मले. आपण त्यांना ओळखतो सहकारी साखर कारखान्यामुळे. पण पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून त्यांनी पुणे शहराची घरोघर फिरून केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी 1945 मध्ये छापली गेली. शेवटी पायपीट तीच.

2024 नं आमच्या बिरादरीचं नाक कापलं. लोकसभेला एनडीएला साडेतीनशेच्या पुढं नेणारे पुष्कळ होते, निघाल्या 293. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत टक्काभराचाही फरक नव्हता, पण जागा महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17. मतांचा अंदाज बांधणं हे शास्त्र म्हणा, त्यावरून जागा काढणं म्हणजे गारपिटीत द्राक्षाचा सौदा. दिंडोरीत मतदार सांगायचा, "तुतारी." चिन्हं दोन: एक शरद पवारांच्या पक्षाचं, तुतारी वाजवणारा माणूस, दुसरी नुसती तुतारी, आणि ती घेतलेला अपक्षही पवारांच्या उमेदवाराच्याच आडनावाचा. त्याला लाखावर मतं पडली. फॉर्मवर 'तुतारी' लिहून आलेल्या पोरानं कोणत्या रकान्यात खूण करायची? आणि त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल लागला 162 मतांनी. हे 162 जण कोणत्या हजारांत सापडणार होते?

एकदा एका उमेदवाराचा माणूस आकडे बघून म्हणाला, "पाहुणं, चार टक्के वाढवा की, कार्यकर्त्यांना उभारी येईल." नाही म्हटलं. बाकीचे पैसे बुडाले. त्या महिन्याचं भाडं डोकेदुखीच्या गोळीच्या सर्व्हेतून निघालं.

उद्यापासून आठवडाभर आमची मुलं-मुली पंचवटी आणि सिडकोत फिरणार आहेत. निवडणूक नाही, कपड्यांची पावडर आहे. दुपारी येणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर, तुम्ही कामावरून आल्यावर. तिसऱ्या मजल्यावरही येतील, तसं मी बजावलंय. नको असेल तर नको म्हणा, तेही आम्ही लिहून घेतो.

नमस्कार.