पानिस आंजेलिकुस: गळ्याकडून सॅक्सोफोनकडे

(नदी, पूल, काठावरची घरं)
ही बेल्जियममधली म्यूज नदी. हिच्या काठी दिनाँ गावात १८१४ साली आडोल्फ सॅक्सचा जन्म झाला. पुढे खालच्या अंगाला लिएज लागतं. तिथे १८२२ साली सेझार फ्रांक जन्मला. दोघांनीही पॅरिस गाठलं. सॅक्सनं १८४६मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. फ्रांक सेंट-क्लोटिल्ड चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १८७२मध्ये त्यानं आपल्या जुन्या मासमध्ये, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठीच्या संगीतरचनेत, 'पानिस आंजेलिकुस' (देवदूतांची भाकरी) हे गीत घातलं. टेनर गायक, ऑर्गन, हार्प, चेलो आणि डबल बास यांच्यासाठी.

(पियानोवर पसरलेली पानं, पेन्सिल)
तेच गीत इथे आल्टो सॅक्सोफोन आणि पियानोसाठी बसवलंय. मूळ पट्टी ए मेजर. आल्टो सॅक्सोफोनचे स्वर वेगळ्या पट्टीत लिहावे लागतात, आणि त्या कागदावर तिचे सहा शार्प (अर्धा स्वर चढवायच्या खुणा) होतात. म्हणून सगळं गीत अर्धा स्वर खाली घेतलं. आता एकच फ्लॅट (अर्धा स्वर उतरवायची खूण). बोटांची धडपड संपली की वादकाचं लक्ष श्वासावर राहतं, आणि इथे सगळं श्वासावरच आहे.

(पियानोचं पेडल, मग दोन्ही हात)
बोट ठेवाल तोवर ऑर्गनचा सूर टिकतो. पियानोचा विरत जातो. तो भरून काढायला हार्पचे तुटक स्वर डाव्या हातात आले, खाली खर्जाचा आधार ठेवून.

उजवा हात मात्र राखून ठेवलाय. फ्रांकनं टॉमस अक्वायनसच्या तेराव्या शतकातल्या स्तोत्रातलं एकच कडवं घेतलं आणि तेच दोनदा गायला लावलं. दुसऱ्या खेपेला नवं काय? चेलो! गायकाच्या मागोमाग तो तीच चाल धरतो. सोप्या प्रती करताना हीच ओळ आधी गाळली जाते. ती गेली तर उरते नुसती पुनरावृत्ती. इथे ती पियानोच्या उजव्या हातात शाबूत आहे.

(ओठ, रीड, जवळून)
शब्द नाहीत, पण लॅटिन ओळी सॅक्सोफोनच्या स्वरांखाली लिहिलेल्या आहेत. ओळ संपते तिथेच श्वास. 'पाउपेर, सेर्वुस' म्हणजे गरीब, सेवक. या दोन शब्दांमध्ये जीभ अगदी हलकी लागते. हे वाद्य जॅझच्या खूप आधीचं आहे. प्रार्थनेत त्याला उपरं का मानायचं?

(छापील प्रत)
प्रत तयार आहे. पियानोवाल्याच्या पानावर सॅक्सोफोनची ओळही छापली आहे.

(वादन, पूर्ण)