पाठीतल्या पाण्यातलं निळं प्रथिन

मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पाठीतल्या पाण्याची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालच्या द्रवाची, नळी वॉर्डातून प्रयोगशाळेत न्यायची, तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ आधीच भरलेला हवा. मोजायचंय सेरुलोप्लाझ्मिन. तांब्याचे सहा अणू बाळगणारं, निळसर प्रथिन. होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी १९४८मध्ये ते रक्तातून वेगळं काढलं.

सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवात, ते लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. पाठीतल्या पाण्यात जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास. सगळी गोम इथेच आहे. सुई घालताना बारीक रक्तवाहिनी फुटली आणि १ मिलिलिटर पाण्यात फक्त १ मायक्रोलिटर रक्त मिसळलं, तरी आकडा साधारण १५ टक्क्यांनी फुगतो. सेंट्रिफ्यूज केलं की पेशी तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ दिसतं आणि माणूस फसतो. रक्ताचा द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, त्यातच राहिलेला असतो. म्हणून पहिली नळी इतर तपासण्यांना द्यायची, नंतरची आपल्याला. त्याच नळीतल्या तांबड्या पेशी फिरवण्याआधी मोजायच्या. मायक्रोलिटरला ५००च्या वर गेल्या, तर नमुना बाजूला.

नळी पॉलिप्रोपिलीनची, पॉलिस्टायरीनला प्रथिन चिकटून बसतं. अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवायचे. उणे २०वर भागत नाही, तिथे प्रथिनातलं तांबं सुटत जातं.

हे तांबं सुटलेलं प्रथिन एलायझात, म्हणजे प्रतिपिंडाने प्रथिन पकडून मोजण्याच्या चाचणीत, बहुधा दिसतं, कारण प्रतिपिंड आकार ओळखतं, तांबं नाही. ऑक्सिडेजच्या चाचणीत प्रथिनाची क्रिया मोजतात. तिथे ऑर्थो-डायअॅनिसिडीन या रसायनाला रंग येतो तो फक्त तांबं भरलेल्या प्रथिनामुळे. दोन्ही आकडे शेजारी मांडले, तरच अर्थ लागतो. बफरच्या बाटलीवर सोडियम अझाइड (जंतू रोखणारं रसायन) लिहिलंय का, हेही पाहा. ते ही ऑक्सिडेज क्रिया बंद पाडतं आणि एलायझात रंग आणणारं पेरॉक्सिडेज हे विकरही. प्लेट कोरी राहते, शिव्या किटला बसतात.

किटवर सीरमसाठी छापलेलं विरलन, म्हणजे नमुना किती पट पातळ करायचा ते, इथे चालत नाही. १:५०, १:१००, १:२०० अशी तीन विरलनं लावून पाहा. विरलनाने गुणल्यावर आकडे २० टक्क्यांहून जास्त हलले, तर नमुन्यातलं काहीतरी प्रतिपिंडाच्या आड येतंय.

त्याच दिवशीचं सीरमही घ्या आणि दोन्हींतलं अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) मोजा. पाण्यातल्या अल्ब्युमिनचं सीरमशी गुणोत्तर वाढलेलं असेल, तर वाढीव सेरुलोप्लाझ्मिन रक्तातून झिरपलेलं असू शकतं. मेंदूतल्या पेशींच्या नावावर ते टाकता येणार नाही. विल्सनच्या आजाराची, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याच्या विकाराची, शंका असेल, तर मुळात पाठीत सुई घालायची गरज नसते. सीरममधलं सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी, सुरुवात तिथून होते.