रप अरेनातला रविवार

(दृश्य : लेक्सिंग्टन, केंटकी. १४ एप्रिल २०२४. रप अरेनाच्या आत बस येते. चहूकडे निळा रंग.)

ही बस नीट बघा. बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये, थेट आत बस आलीय. दार उघडतंय. उतरताहेत ती पन्नाशीच्या आसपासची माणसं. एके काळी ही मंडळी याच छताखाली निळ्या-पांढऱ्या जर्सीत धावायची. आणि त्यांच्यात हा सहा फूट दहा इंच उंचीचा माणूस. त्याच्या हातात करंडक आहे. १९९६चा, राष्ट्रीय विजेतेपदाचा.

हा मार्क पोप. केंटकी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा नवा हेड कोच.

आज सामना नाही. समोर दुसरा संघ नाही, फलकावर गुण नाहीत. एका माणसाची नेमणूक झालीय आणि त्याची रीतसर ओळख करून द्यायची आहे. एवढ्यासाठी रविवारच्या दुपारी वीस हजार माणसं इथे आली आहेत. लेकरं खांद्यावर घेऊन आली आहेत.

(आवाज : "सी! ए! टी! एस! कॅट्स, कॅट्स, कॅट्स!" घोषणा पूर्ण होऊ द्यावी. निवेदन नाही.)

आता तीन दिवस मागे जाऊ. गुरुवार, ११ एप्रिलच्या रात्री याच माणसाचं नाव बाहेर फुटलं, तेव्हा याच लोकांनी डोक्याला हात लावला होता. ‘कोण पोप?’ असं कोणी विचारलं नाही. त्याला सगळे ओळखत होते. ‘पोप कशाला?’ हा त्यांचा प्रश्न होता. विद्यापीठाचे क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांच्यावर त्या रात्री रागाचा नुसता पाऊस पडला.

गुरुवारचा तो संताप आणि रविवारचा हा जल्लोष. दोन्ही खरे होते, आणि दोन्ही एकाच मायेतून आले होते. ती माया कळायची तर आधी हे राज्य बघायला हवं.

(दृश्य : हवाई चित्रण. घोड्यांची कुरणं, पांढरी-काळी कुंपणं. मग पूर्वेकडचे कोळशाचे डोंगर.)

केंटकीत १२० काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, पण बरीच लहान. इथे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही. अमेरिकन फुटबॉलचा किंवा बेसबॉलचाही मोठा व्यावसायिक संघ नाही. राज्याने जीव लावावा असा संघ म्हटलं की नाव येतं ते विद्यापीठाच्या वाइल्डकॅट्सचं. या संघाचा चाहता स्वतःला ‘बिग ब्लू नेशन’चा म्हणवतो. नेशन, म्हणजे राष्ट्र! त्यांना हा शब्द मोठा वाटत नाही.

अडॉल्फ रप १९३० साली इथे कोच झाले आणि १९७२पर्यंत राहिले. ८७६ विजय, चार राष्ट्रीय विजेतेपदं. पूर्वेकडच्या हार्लन गावातून आलेले कॉवुड लेडफर्ड हे १९५३पासून जवळजवळ चार दशकं रेडिओवर सामन्यांचं धावतं वर्णन करत होते. खाणीत राबणाऱ्या माणसाला लेक्सिंग्टन दूर होतं, तिकीट त्याहून दूर. संघ त्याच्या घरी यायचा तो लेडफर्ड यांच्या आवाजातून.

(दृश्य : मेमोरियल कोलिझियम, बाहेरून. मग वाइल्डकॅट कोल लॉज, खेळाडूंचं वसतिगृह.)

खेळाडू राहतात त्या इमारतीचं नाव बघा. वाइल्डकॅट कोल लॉज. नावातच कोळसा आहे. दारासमोर ज्यो बी. हॉल यांचा पुतळा. रपनंतर संघ त्यांनी सांभाळला आणि १९७८चं विजेतेपद मिळवून दिलं. जवळच मेमोरियल कोलिझियम, १९५०चं. युद्धात गेलेल्या केंटकीच्या मुलांची आठवण म्हणून ते बांधलं. खेळ, खाण आणि युद्ध इथे शेजारी शेजारी नांदतात.

(दृश्य : रप अरेनाचं छत. विजेतेपदाचे बॅनर, एकेक वर्ष.)

१९४८. १९४९. १९५१. १९५८. १९७८. १९९६. १९९८. २०१२. एकूण आठ.

याच छताला चार जर्सी अशाही आहेत, ज्यांनी विजेतेपद कधी पाहिलं नाही. १९८९मध्ये नियमभंगाची शिक्षा म्हणून दोन मोसम संघाला मोसमाअखेरच्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं गेलं. भरवशाचे खेळाडू सोडून गेले. जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस, रिची फार्मर आणि शॉन वुड्स राहिले. पहिले तिघे केंटकीचेच. १९९२मध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्ध जादा वेळेत, घड्याळात २.१ सेकंद उरलेले असताना हा संघ एका गुणाने पुढे होता. ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरने लांबून आलेला पास झेलला, वळला, आणि चेंडू जाळीत. १०४-१०३. लेडफर्ड यांचं केंटकीसाठीचं ते शेवटचं वर्णन.

हरलेल्या चौघांच्या जर्सी छताला टांगल्या गेल्या. ‘अनफर्गेटेबल्स’, कधी न विसरता येणारे. या राज्याला काय प्रिय आहे ते या चार जर्सी सांगतात. पडत्या काळात जो राहिला, तो आपला.

(दृश्य : जॉन कॅलिपारी, कोर्टाच्या कडेला. जुनी चित्रफीत.)

२००९मध्ये जॉन कॅलिपारी आले. देशातली सर्वोत्तम शाळकरी मुलं निवडायची, वर्षभर खेळवायची आणि एनबीएकडे पाठवायची, ही त्यांची रीत. जॉन वॉल, अँथनी डेव्हिस अशी नावं. पहिल्या सहा मोसमांत चारदा संघ देशातल्या शेवटच्या चारांत गेला, २०१२मध्ये विजेतेपद आलं. तो आनंद कोणी नाकारत नाही. पण मुलं वर्षाने निघून जायची. नाव पाठ होईस्तोवर जर्सी दुसऱ्याची झालेली असायची. जिंकत होते तोवर हे खपून गेलं.

मग हार आली, तीही नको तिथे. २०२२मध्ये सेंट पीटर्स नावाच्या छोट्या कॉलेजने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. २१ मार्च २०२४ला मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठाने ८०-७६ हरवलं. ओकलंडच्या जॅक गोल्की नावाच्या मुलाने त्या दिवशी तीन गुणांच्या दहा बास्केट टाकल्या. दहा!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिपारींनी निरोप घेतला. त्यांचा मुक्काम आता अर्कान्सास विद्यापीठात.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर सरकत जाणाऱ्या बातम्या. रात्र.)

पुढचे चार दिवस केंटकीत कोणाला नीट झोप नव्हती. चाहते खासगी विमानांचा माग काढत होते, कुठलं विमान कुठे उतरलं यावरून अंदाज बांधत होते. डॅन हर्ली येतील का? त्यांच्या कनेटिकट संघाने ८ एप्रिललाच लागोपाठ दुसरं विजेतेपद जिंकलं होतं. ते जागचे हलले नाहीत. बेलर विद्यापीठाचे स्कॉट ड्रू? त्यांनी ११ तारखेला जाहीर केलं, आपण बेलरमध्येच राहणार.

आणि त्याच रात्री पोपचं नाव.

चाहत्यांचं म्हणणं काय होतं, तेही ऐकून घ्यायला हवं. पोप युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा कोच होता. पाच मोसम, ११० विजय. पण राष्ट्रीय स्पर्धेत, जिथे केंटकीचा माणूस कोचला जोखतो, तिथे विजय शून्य. केंटकी ओकलंडकडून हरलं त्याच २१ मार्चला पोपचा संघही पहिल्याच फेरीत डुकेन विद्यापीठाकडून हरला होता. मोठमोठी नावं मनात धरून बसलेल्या माणसाला हे पटावं तरी कसं? त्या रात्रीचा राग फुकाचा नव्हता. ज्याला फरक पडत नाही, तो मध्यरात्री जागून चिडत नाही.

(दृश्य : १९९६. जुनी, जरा धुरकट चित्रफीत. ४१ क्रमांकाची जर्सी.)

आता हा ४१ क्रमांक बघा. वॉशिंग्टन विद्यापीठ सोडून पोप केंटकीत आला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक अख्खं वर्ष सामन्यांबाहेर बसला आणि मग दोन मोसम खेळला. कोच होते रिक पिटिनो. १९९६चा हा संघ म्हणजे जाणकारांच्या मते कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वांत भक्कम संघांपैकी एक. ३४ विजय, २ पराभव. त्यातले नऊ जण पुढे एनबीएत खेळले. अशा संघात कर्णधार होणं म्हणजे रोज स्वतःपेक्षा चांगल्या खेळाडूंना बरोबर घेऊन चालणं. पोप त्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू कधीच नव्हता. कर्णधार होता.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात केंटकीने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला ८१-७४ हरवलं. मॅसॅच्युसेट्सच्या बाकावर कोच म्हणून कोण होतं? जॉन कॅलिपारी. आमच्या हाती ही फीत आली तेव्हा आम्ही ती दोनदा मागे नेऊन पाहिली.

अंतिम सामन्यात सिरॅक्युज, ७६-६७. अठरा वर्षांनी बॅनर लागला.

पुढे पोप काही वर्षं एनबीएत खेळला. मग थेट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉक्टर व्हायला! वैद्यकीय शिक्षण निम्म्याहून पुढे गेलेलं असताना ते सोडलं आणि जॉर्जिया विद्यापीठात कोचच्या हाताखाली सगळ्यात खालच्या पायरीवर रुजू झाला. तिथून पायरी पायरीने वर.

(दृश्य : पुन्हा रप अरेना, १४ एप्रिल. रांगा, मग भरलेली बाकं.)

गुरुवार ते रविवार या दिवसांत घडलं ते एवढंच, की जुने सवंगडी बोलू लागले. १९९६चे खेळाडू पुढे आले. पिटिनोंनी जाहीरपणे पाठीवर हात ठेवला. आणि लोकांना ४१ क्रमांकाची जर्सी आठवली. ज्याला इथे येण्यासाठी गळ घालावी लागली नाही, असा माणूस मिळालाय, हे हळूहळू उमगत गेलं. इतरांनी केंटकीला नकार दिला होता. हा धावत आला होता.

निवड बंद दाराआड झाली. त्याची चित्रं आमच्याकडे नाहीत. दार उघडल्यानंतरची आहेत.

(दृश्य : पोप माइकसमोर. मागे जुने खेळाडू.)

आपलं काम काय आहे ते आपल्याला माहीत आहे, असं तो सांगतोय. काम म्हणजे बॅनर. पाचव्या-सहाव्या क्रमांकाची भाषा इथे चालत नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. आणि जर्सीवर पुढच्या बाजूला लिहिलेलं नाव, ‘केंटकी’, हेच मोठं, असंही तो सांगतोय. पंधरा वर्षांत मुलं येताना-जाताना पाहिलेल्या या लोकांना नेमकं हेच ऐकायचं होतं.

(दृश्य : चेहरे. एक, दोन, तीन... निवेदन नाही. साधारण चाळीस सेकंद.)

पुढचं थोडक्यात. पाच वर्षांचा करार, २ कोटी ७५ लाख डॉलर. जवळजवळ सगळा संघ नव्याने बांधावा लागला. त्यात केंटकीच्याच शाळांतली ट्रॅव्हिस पेरी आणि ट्रेंट नोआ ही मुलं होती. नोव्हेंबरात ड्यूकला ७७-७२ हरवलं. १ फेब्रुवारी २०२५ला कॅलिपारी अर्कान्सासला घेऊन रपमध्ये आले आणि ८९-७९ जिंकून गेले. मोसमाअखेर २४ विजय, १२ पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत टेनेसीकडून हार.

शेवटचं चित्र मात्र या मोसमाच्या आधीचं आहे.

(दृश्य : ११ ऑक्टोबर २०२४. रप अरेना, बिग ब्लू मॅडनेस. मोसमातला पहिला जाहीर सराव.)

रिक पिटिनो. १९९६चे कोच. २००१मध्ये ते लुईव्हिल विद्यापीठात गेले होते, म्हणजे केंटकीच्या सख्ख्या वैऱ्याच्या घरी. त्यानंतर या इमारतीत त्यांचं स्वागत व्हायचं ते हुर्यो उडवून. इतकी वर्षं.

आज त्यांना पोपने बोलावलंय.

(दृश्य : पिटिनो प्रकाशात येतात. आवाज मूळचाच ठेवावा. निवेदन नाही.)