नदीला भिंत नसते

सांगलीकराला पोहायला शिकवते ती कृष्णा. पाठीला डबा बांधून पोराला घाटावरून पाण्यात सोडायचं. डबा सुटला की धारेचा अंदाज घेत पलीकडचा काठ गाठायचा. असं तयार झालेलं माणूस दमाला कमी पडत नाही. मात्र चाळिशीत ते मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या, स्पर्धेत उतरतं, तेव्हा टँकमध्ये त्याची गाठ भिंतीशी पडते.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे छातीवर बेडकासारखं पोहताना, वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात, तेही एकमेकांपासून सुटे. एक हात वर, एक खाली असला तर हरकत नाही. मागेपुढे लागले तर बाद. शेवटचे दोन मीटर नीट बघा. श्वास संपत आलेला असतो, भिंत समोर दिसते, मन घाई करतं. एक खांदा झुकतो आणि तो हात आधी पोचतो. वर उभे असलेले पंच वाकून नेमकं हेच बघत असतात.

पायांचंही तसंच. लाथ मारताना दोन्ही पावलं बाहेर वळलेली हवीत, दोन्ही पाय एकाच वेळी हलायला हवेत. नदीत वर्षानुवर्षं अंगात मुरलेली कात्री, म्हणजे पाय मागेपुढे उघडमीट करणारी लाथ, इथे चालत नाही, आणि ती मोडणं हेच सगळ्यात अवघड. वेग त्यामानाने लवकर येतो.

मास्टर्स गट 25 वर्षांपासून सुरू होतो, पुढे दर पाच वर्षांनी गट बदलतो. वयाचा मान राखून काही सवलती आहेत. ब्लॉकवरून, म्हणजे टँकच्या काठावरच्या ओट्यावरून, सूर मारणं जमत नसेल, तर पाण्यातूनच भिंतीला रेटा देऊन सुरुवात करता येते. बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे आणून पोहताना, ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते, हाताच्या एका फेरीला एकच. ही सवलत मला फार योग्य वाटते. मुळात बटरफ्लाय जन्मला तोच ब्रेस्टस्ट्रोकच्या पोटी: 1930च्या दशकात काही जण हात पाण्यावरून पुढे आणू लागले, पाय मात्र जुनेच राहिले. दोन्ही प्रकार वेगळे झाले 1952 साली, आणि ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत झाली 1956ला, मेलबर्नमध्ये. साठीतला माणूस त्या जुन्या लाथेने बटरफ्लाय पोहतो, तेव्हा त्याला कच्चा समजू नये.

शर्यत भिंतीपाशी बाद होऊ शकते, म्हणून नदीवरून टँकवर येणाऱ्यांनी आधी लांबी वाढवू नये. शेवटचे पाच मीटर तेवढे पोहावेत, भिंतीपाशी कुणाला तरी उभं करून. हात कुठला आधी लागला, हे पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाही.